तांदळाच्या पिठाचे मासे

त्या बालवर्गात मी पहिल्यांदा गेले ती भांडायला गेले. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे कुणी मला सेवाभावी वगैरे म्हणायला नको.

त्या वर्षी सियालदहच्या फलाटांवर पाय ठेवायला जागा नव्हती. फाळणीनंतर पूर्व बंगालातून आलेली घरंच्या घरं तिथे बोचक्यांना टेकून बसलेली असायची आणि बराकपूरकडून कचेरीला येणारे बाबू त्यांच्या चुलींवरून उड्या मारत बाहेर पडायचे. आमच्या विद्यार्थी मंडळात बातमी आली, की स्टेशनमागच्या एका गल्लीत मिशनची शेड आहे आणि तिथे निर्वासितांच्या तीन-चार वर्षांच्या पोरांना मूठभर मुडी देऊन बायबल शिकवतात. मुडी म्हणजे आपले चुरमुरे. झालं, पत्रक काढायचं ठरलं. पत्रकं लिहायचं काम माझं. 'भुकेच्या मोबदल्यात धर्म' हा मथळा मी ट्राममध्येच जुळवला होता.

शेड चालवणारी बाई बंगाली ख्रिस्ती होती, पन्नाशीची, बारीक काठाची पांढरी साडी, पायात कापडी बूट. सगळे तिला दीदीमणी म्हणत.

मी म्हटलं, "मी तुमच्याविरुद्ध लिहिणार आहे."

"लिहा की," ती म्हणाली. "बघून लिहाल ना? मग बघता बघता त्या दोघांची नाकं पुसा."

नाकं पुसायला बसले ती वर्ष होत आलं तरी तिथेच होते. मला त्या बायबलच्या गोष्टी पटल्या म्हणून नव्हे. देव मला तेव्हाही पटत नव्हता, आजही पटत नाही. पण सकाळी दार उघडलं की ज्या घाईनं ती पोरं आत घुसायची ती पाहून माझ्याच्यानं उठवेना. पत्रक लिहायचं राहून गेलं. मंडळातले मित्र विचारायचे, मी म्हणायचे, अजून पुरावा गोळा करतेय.

दीदीमणी गोष्ट सांगायची नाही, करायला लावायची. यरीहो नगराची भिंत पडली ती गोष्ट घ्या. चहाची रिकामी खोकी एकावर एक रचायची, पोरांनी डबे बडवत भोवती फेऱ्या मारायच्या आणि शेवटच्या फेरीला सगळ्यांनी मिळून ओरडायचं. मी मागून खोक्याला पाय लावायचे, की भिंत खाली. पोरं हा खेळ रोज मागायची. हरवलेल्या मेंढराच्या गोष्टीला पुठ्ठ्याचं मेंढरू कापायचं आणि त्यावर जुन्या रजईचा कापूस चिकटवायचा. चिकटवायला गव्हाच्या पिठाची खळ. पहिल्या दिवशी मला वाटलं, कापूस नीट का लागत नाही? वाकून पाहिलं तर पोरं खळ चाटून खात होती. बाजारात बुकबाइंडर खळीत मोरचूद घालतात, कीड लागू नये म्हणून. दीदीमणी घालत नव्हती. उलट चिमूटभर मीठ घालायची. "कीड लागायला उरते कुठे?" ती म्हणाली.

हे मी लिहिते आहे ते कुणाचं मन द्रवावं म्हणून नाही. एकेकाळी देशाची राजधानी असलेल्या शहरात चार वर्षांची मुलं खळ खातात आणि त्याच गल्लीच्या तोंडाशी घाऊक बाजारात बटाट्याची पोती कुजतात, एवढंच नोंदवते.

खाऊ रोज एकच: मुडी, बत्तासे, भाजलेले चणे, कधी केळं. कधी गूळ. महिनोन् महिने कोरडं. मी ती मिशनची कंजुषी समजत होते आणि तसं तोंडावर बोललेही होते. दीदीमणी हसली होती.

आता आमच्या घराचं सांगायला हवं. वडिलांचा जन्म कलकत्त्यातला, ते बेहाल्याला एका शाळेत गणित शिकवायचे. आई मात्र लग्न होऊन आलेली, वसईकडची. वसईकडच्या माणसाला पावाचं काय वाटतं ते वाचकांना सांगायला नको. पोर्तुगीज शिपाई विहिरीत पाव टाकायचे, सकाळी गावानं पाणी प्यायलं की अख्खा गाव बाटला, ही गोष्ट आईनं आम्हाला तान्हेपणापासून भरवली होती. आमच्या घरात पाव येत नसे. वडील शाळेतल्या मित्रांबरोबर टोस्ट खायचे ते बाहेरच मिशा पुसून यायचे. मी जात मानत नव्हते, सोवळं मानत नव्हते, तसं लिहून छापलंही होतं. आमच्या मंडळात आम्ही सगळ्यांनी शपथ घेतली होती, की आपली जात कुणालाही सांगायची नाही, फॉर्मवर विचारली तरी नाही. पण पाव पाहिला की माझा हात आपोआप मागे यायचाच.

एका गुरुवारी मिशनकडून पाच पाव आले. दुसऱ्या दिवशी पाच भाकरी आणि दोन मासे यांची गोष्ट होती. एका मुलानं आणलेली शिदोरी, ती हजारोंना पुरली आणि वर टोपल्या भरून उरली, ती.

मी विचारलं, "हे पाव मुलांना देणार?"

"गोष्टीतच पाव आहेत."

"मुद्दाम?"

"मुद्दाम म्हणजे?" दीदीमणीला खरंच कळलं नव्हतं.

मी तिला विहिरीची गोष्ट सांगितली. ती हातातलं काम थांबवून ऐकत राहिली. शेवटी म्हणाली, "तुमच्याकडच्या विहिरी फार नाजूक दिसतात."

"चेष्टा करू नका. उद्या पाव वाटलेत तर परवा पत्रक निघेल."

"बरं बाई. मग उद्याचा खाऊ तू कर. मी तशीही नाही, बराकपूरला भाऊ आजारी आहे, सोमवारी येईन." आणि पाव कपाटात ठेवून तिनं कडी घातली.

घरी आईला सांगितलं. मिशनचं नाव निघालं की आई भिंतीकडे तोंड करायची. पण पोरांना पावापासून वाचवायचं आहे म्हटल्यावर पदर खोचून उठली. जन्मात पहिल्यांदा माझ्या चळवळीला आईचा हात लागला. पहाटे अंघोळ करून, सोवळ्यात, तिनं तांदळाच्या पिठाची उकड काढली, आत गूळखोबऱ्याचं सारण भरलं, आणि मी त्याचे मासे वळले. सुरीच्या टोकानं खवले काढले, मोहरीचे डोळे लावले. पातेल्यावर फडकं बांधून वाफवले. पाच भाकऱ्या तांदळाच्याच. पितळी डबा मांडीवर घेऊन बेहाल्याहून ट्राममध्ये बसले तेव्हा डबा गरम होता.

खेळ छान झाला. पोरांना ओळीनं चटईवर बसवलं. एक टोपली फिरवायची, ज्यानं त्यानं तुकडा मोडून पुढच्याला द्यायची. रिकामी झाली की मी पदराआडून दुसरी काढायची. मी गोष्टही माझ्या पद्धतीनं सांगितली: त्या मुलानं शिदोरी सोडलेली पाहून बाकीच्यांनाही लाज वाटली, त्यांनीही आपापली बोचकी सोडली, म्हणून पुरलं. शेवटी उरलेले तुकडे गोळा करायचा भाग होता. तुकडे उरले नव्हते. टोपली पालथी करून दाखवली तर पोरं खदखदून हसली.

सोमवारी निम्मा वर्ग आला नाही.

पहिल्यांदा वाटलं, ताप असेल. मग दारात बौदी दिसली. बौदी म्हणजे वहिनी. दीदीमणी आणि मी, आम्ही दोघी तिला तेच म्हणायचो. तिची चार वर्षांची मुलगी आमच्या वर्गात होती, सगळे तिला खुकी म्हणायचे, म्हणजे छोकरी. नवरा तिकडेच, पूर्व बंगालात, राहिला होता, त्याचं पत्र नव्हतं. बौदी रुळांपलीकडे लढाईच्या वेळी बांधलेल्या बराकीत सासूबरोबर राहायची आणि शिवणकेंद्रात मशीनवर बसायची. खुकीला सकाळी सोडायची, संध्याकाळी न्यायची. आज ती एकटी होती आणि केस विंचरलेले नव्हते.

"खुकी कुठाय?"

"घरी. दीदी, तिनं शुक्रवारी मासा आणला फ्रॉकमध्ये. अर्धा. ठाकुमाला द्यायला."

ठाकुमा म्हणजे आजी. मला अजूनही कळेना. मला बरंच वाटलं, म्हटलं, आजीची आठवण ठेवली.

"तो हात तिनं भाताच्या भांड्याला लावला."

मग तिनं एकेक करून सांगितलं. मुडी, चणे, बत्तासे कुणाच्याही घरचे चालतात. पण पाण्यात शिजलेलं, वाफेवर शिजलेलं, ते कुणाच्या हातचं, कुठल्या भांड्यातलं, हे पाहावं लागतं. इथे त्याला सकडी म्हणतात. आपल्या आज्यांनी वेगळा शब्द वापरला असता, गोष्ट तीच. सासू विधवा, तिचं भांडं वेगळं. ख्रिस्तानांच्या घरचं शिजलेलं खाल्लेला हात त्याला लागला. तिनं सगळा भात नाल्यात ओतला. त्या बराकीत, त्या वर्षी, भांडंभर भात.

"तुम्ही पाव का नाही दिलात?" बौदी म्हणाली. "पाव तर त्यांना फलाटावर रोज मिळायचा. बाजारची वस्तू. त्याला कोण विचारतंय."

बराकीतल्या बाकीच्या बायकांनीही ते ऐकलं होतं. म्हणून निम्मा वर्ग. त्यांची पोरं चार दिवसांनी येतील, ती म्हणाली, बायका दमल्या की पाठवतील. पण माझी सासू नाही म्हणते म्हणजे नाही. आणि खुकी घरी राहिली तर मला घरी राहायला हवं. सासूला धड दिसत नाही, दाराबाहेर रूळ आहेत. आज मी रजा सांगून आलेय. उद्याही गेले नाही तर माझ्या मशीनवर दुसरी बाई बसेल. बाहेर रांग आहे, दीदी.

एवढं सगळं सांगताना ती रडत नव्हती. तिचे हात मात्र सारखे पदराचा काठ चाचपत होते, कापड मशीनखाली सरकवतात तसे.

दीदीमणी दुपारच्या गाडीनं बराकपूरहून आली. तिनं ऐकलं, कपाट उघडून वाळलेले पाव पाहिले, पुन्हा कडी घातली. म्हणाली, "तू घरून शिजवून आणशील हे माझ्या ध्यानातच आलं नाही."

मी म्हटलं, "म्हणजे तुम्हाला हे माहीत होतं. इतके दिवस मुडीच देता ती म्हणूनच. तुम्हीसुद्धा हा भेद पाळता."

"मी पाळत नाही. ते पाळतात, मी त्यांच्या पोरांना खायला घालते."

"मग त्यांना शिकवायला नको?"

"शिकव ना. तुझ्याकडे पत्रकं आहेत. ठाकुमाला वाचून दाखव, तिला अक्षरं दिसत नाहीत." मग आवाज उतरवून म्हणाली, "हे बघ, मी गेले तर उपयोग नाही. मी तर तीच, ख्रिस्तान. मासे कुणाच्या घरी शिजले ते तू जाऊन सांग."

"म्हणजे जात सांगू?"

"तुझ्या आईचं स्वयंपाकघर सांग."

"एकच झालं ते."

"हो," दीदीमणी म्हणाली. "एकच."

मी नाही म्हटलं. आम्ही वीस-पंचवीस जणांनी शपथ घेतली होती ती काय अशी पहिल्याच म्हातारीसमोर मोडायची? मी तिला म्हटलं, केंद्राच्या बाईंना भेटते, मशीन राखून ठेवायला सांगते. दीदीमणी म्हणाली, भेट. मी गेले. केंद्राच्या बाईंनी मला बसायलाही सांगितलं नाही. "उद्या सकाळी जी हजर ती मशीनवर," एवढंच. बाहेर भिंतीला टेकून खरंच बायका बसल्या होत्या. त्यांतल्या एकीनं मला विचारलं, "जागा झालीय का हो एखादी?" मी चालू लागले.

परत आले तर बौदी अजून शेडच्या पायरीवरच. संध्याकाळ होत होती. मी म्हटलं, "चला." रूळ ओलांडून जाताना ती पुढे, मी मागे. ती एकदाही म्हणाली नाही की सांगा म्हणून. तिनं विनवणी केली असती तर मी भांडले असते. आता भांडायलाही कुणी नव्हतं.

बराकीत पडद्यांनी पाडलेल्या खोल्या. ठाकुमा पेटीवर बसलेली, डोळ्यांत पांढरट साय. खुकीच्या कमरेला साडीचा काठ बांधून दुसरं टोक म्हातारीनं स्वतःच्या मनगटाला गुंडाळलं होतं. बाहेरून गाडी गेली की पत्रे थरथरायचे आणि म्हातारी काठ ओढून पाहायची.

"कोण?"

"शाळेतल्या दीदी," बौदी म्हणाली. "मराठी दीदी."

"बर्गी का?" म्हातारी म्हणाली. मराठ्यांच्या घोडेस्वारांना इथे बर्गी म्हणतात आणि दोनशे वर्षांपासून पोरांना त्यांची भीती घालून झोपवतात. "आधी आमचं धान न्यायचे. आता भातही ओतायला लावतात."

मी म्हटलं, "ठाकुमा, मासे मिशनच्या घरी नव्हते शिजवले."

"मग कुणाच्या हातचे?"

"स्वच्छ हातांचे."

"ते मला दिसत नाही, मुली."

बौदी माझ्यामागे उभी होती. तिचा श्वास ऐकू येत होता.

"माझ्या आईच्या हातचे. बेहाल्याला, आमच्या घरी. अंघोळ करून, सोवळ्यात." थांबले. म्हातारी वाट पाहत होती. "ब्राह्मणाच्या घरचे."

"बर्गीसुद्धा ब्राह्मण असतात?"

"असतात."

"गोत्र?"

सांगितलं. घरात माझ्या लग्नाचं चाललं होतं, दर रविवारी कुणीतरी विचारायचं, तेव्हा पाठ होतं. मग प्रवर विचारले. तेही सांगितले. माझ्या कानाच्या पाळ्या तापल्या होत्या. एका शिलाई मशीनची किंमत म्हणून एका स्वतंत्र देशातल्या पदवीधर मुलीनं अंधारात उभं राहून गोत्र-प्रवर म्हणावेत, याबद्दल मी कुणाला जाब विचारायचा हे मला अजून ठरवता आलेलं नाही. म्हातारीला नाही विचारणार. तिचं घर गेलं, जमीन गेली, मुलगा गेला. ते एक भांडं तिचं होतं.

तिनं मनगटावरचा काठ एकदा ओढून पाहिला. मग म्हणाली, "ब्राह्मणाची पोर ख्रिस्तानांकडे काय करते?"

"भिंत पाडते," खुकी मधेच म्हणाली. "पायानं पाडते. मी पाहिलंय."

बौदीनं तिला गप्प केलं. म्हातारीचे ओठ हलले, हसली की नाही सांगता येत नाही.

"पाठवीन," ती म्हणाली. "पण शिजलेलं काही नाही. आणि मुडीसुद्धा तुझ्याच हातची. त्या बाईच्या नाही. रोज तू. ज्या दिवशी तू नसशील त्या दिवशी पोरगी घरी."

"रोज?"

"रोज."

त्या आठवड्यात माझ्या तीन सभा होत्या, आसनसोलला एक मोर्चा होता. मी म्हटलं, "बरं."

दुसऱ्या दिवशी उजाडायच्या आत ट्राम पकडली. शेडचं कुलूप मीच काढलं. बौदी खुकीला माझ्या हातात देऊन पळतच गेली, चप्पल एकदा निसटली ती परत घालायलाही थांबली नाही. दिवसभर माझं कशात लक्ष लागेना. मुडी वाटताना दीदीमणी लांब, टोपलीपासून चार हात, उभी राहिली, मुद्दाम, पोरांना दिसेल अशी. मला तिच्याकडे बघवेना. योसेफाच्या रंगीत अंगरख्याची गोष्ट होती. शिंप्यांकडून आणलेल्या चिंध्या पोरं खळीनं चिकटवत होती, आणि खुकी विचारत होती, माझी आई हा अंगरखा मशीनवर शिवेल का? मी म्हटलं, शिवेल. आणि मनात, देव मानत नसूनही, कुणाला तरी म्हटलं, ती सकाळी पहिली पोचलेली असू दे.

संध्याकाळी सगळी पोरं गेली. खुकी चटईवर झोपली. गल्लीतून कचेऱ्या सुटलेली गर्दी स्टेशनकडे जायला लागली, मग विरळ झाली. बौदी आली तेव्हा दिवे लागले होते. मी तिच्या तोंडाकडे न बघता हातांकडे पाहिलं.

"मशीन?"

"दुसरी बसली होती," ती म्हणाली. "मी पोचायच्या आधीच. कालच बसवलं तिला." ती चटईवर टेकली. "काजं करायला घेतलंय मला. हातानं. मशीनच्या निम्मे देतात. कुणी आजारी पडली तर मशीन देऊ म्हणाल्या."

दीदीमणी आतून पाणी घेऊन आली आणि पेला माझ्याकडे दिला. मी तो बौदीला दिला. तिनं एका दमात प्यायलं. तिच्या तर्जनीचं टोक सुईनं टोचून टोचून सुजलं होतं.

"पण काम आहे," बौदी म्हणाली. खुकीला तिनं खांद्यावर टाकलं, पोरीची मान लुळी पडली तशी ती हातानं सावरली. दारात वळून म्हणाली, "उद्या लवकर आणू? काजांना उजेड लागतो. तुम्ही असाल ना दीदी, उजाडताच?"

"असेन."

"रोज?"

"आणा तुम्ही," मी म्हटलं.